कोणता लाल?

आमच्या डहाणूच्या धर्मादाय रुग्णालयात शिरताना डाव्या भिंतीवर चंदनी हार घातलेले जे रंगीत छायाचित्र टांगले आहे, ते डॉक्टर सुमतीबाई पागधरे यांचे नाही, अशी माझी लेखी हरकत आहे. नाक त्यांचे आहे, चष्मा त्यांचा आहे, "लवकर आटपा" असे न बोलता सांगणारे ओठही त्यांचेच आहेत. परंतु वर्ण त्यांचा नाही. सुमतीबाई वरोरच्या, मासेमारीवर जगणाऱ्या घरात जन्मलेल्या. त्यांचा वर्ण भाजलेल्या चिंचोक्याचा होता आणि त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. छायाचित्रवाल्याने त्यांना नव्या नवरीसारखे गुलाबी केले आहे आणि त्यांच्या मातकट सुती साडीला पोपटी रंग चढवला आहे. जिने आपले अर्धे आयुष्य चुकीच्या रंगाशी भांडण्यात घालवले, तिला मरणोत्तर चुकीचा रंग फासणे ही माझ्या मते बदनामी होय. आणि मृत व्यक्तीची बदनामी हीदेखील बदनामीच असते, हे मी विश्वस्तांना कलमासह कळवले. उत्तर आले, "फोटो छान आला आहे."

छान असणे हा कायद्यात बचाव नाही. सबब हे निवेदन वाचकांपुढे दाखल करीत आहे.

सुमतीबाई पोटाच्या शल्यचिकित्सक होत्या. डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या पाड्यांतून माणसे पोट धरून त्यांच्याकडे येत आणि पोट सोडून घरी जात. शस्त्रक्रियेच्या खोलीला लागून एक लांबट खोली होती. तीत त्या नव्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना शिकवीत. त्या खोलीत लाल, हिरवा, निळा हे शब्द उच्चारायला मनाई होती. कोणी नवखा चुकून बोलून जाई, "मॅडम, इथं लाल दिसतंय," की बाई हातातले काम थांबवीत.

"कोणता लाल?"

"म्हणजे... लालच, मॅडम."

"एसटीचा? कोकमाचा? गेरूचा? डाळिंबाच्या दाण्याचा की सालीचा? ताजं रक्त एक लाल, तासाभराचं रक्त दुसरा लाल. तुझ्या लालवर मी कापू की शिवू?"

हे त्यांना कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाने शिकवले नव्हते. त्यांची आई वरोरच्या किनाऱ्यावर मासळी विकायची. आईचे वाक्य त्या वारंवार सांगत : "माशाचा डोळा बघू नको, डोळ्यावर कोणीही पाणी मारतो. कल्ला उघड. कल्ल्याचा रंग खोटं बोलत नाही." तोच न्याय त्यांनी माणसाच्या पोटाला लावला होता. त्यांच्या लेखी निरोगी यकृत धुतलेल्या कौलाच्या रंगाचे, प्लीहा पिकल्या जांभळाच्या सालीची, चरबी गावठी तुपाची, स्वादुपिंड अर्ध्याकच्च्या चिकूच्या गराचे आणि जिवंत आतडे ताज्या बोंबलाचे. मरू लागलेले आतडे कशासारखे, हे मात्र त्या कधीही खाण्याच्या वस्तूवरून सांगत नसत. "ते बघायचं आणि लक्षात ठेवायचं," एवढेच म्हणत.

माझा आणि त्यांचा संबंध तक्रारदार आणि प्रतिपक्ष असा सुरू झाला. २०१४ साली मी दिवाणी न्यायालयाच्या कचेरीतून निवृत्त झालो आणि पुढच्याच वर्षी माझ्या पित्ताशयात खडे निघाले. सुमतीबाईंनी पोटाला लहान छिद्रे पाडून, एकातून दुर्बीण घालून, आतले दृश्य पडद्यावर पाहत ते पित्ताशय काढले. घरी जाताना शस्त्रक्रियेच्या चित्रीकरणाची तबकडी हाती दिली. सामान्य माणूस अशी वस्तू कपाटात ठेवतो. मी ती दूरचित्रवाणीवर लावून पाहिली, सौभाग्यवती स्वयंपाकघरात निघून गेल्यावरही पाहिली, आणि मला धक्का बसला. बोर्डीच्या ज्या शाळेत मी शिकलो, तिथल्या प्रयोगशाळेच्या तक्त्यात पित्ताशय स्वच्छ पोपटी होते. तबकडीतले पित्ताशय निळसर होते. मी त्याच दुपारी तक्रार लिहिली. विषय : अन्य व्यक्तीचे पित्ताशय माझे म्हणून दाखविल्याबाबत.

उत्तर म्हणून कागद आला नाही. बाई स्वतः रिक्षाने आल्या. फाटकाबाहेर उभ्या राहूनच त्यांनी सुरुवात केली.

"तुम्हीच का ते हरकतवाले? पत्त्यात लिहिता 'निळे फाटक'. मी गल्लीतून दोनदा गेले. हे फाटक राखाडी आहे. ज्याला आपल्या फाटकाचा रंग ठाऊक नाही, त्याला आपल्या पित्ताशयाचा काय ठाऊक असणार?"

"फाटक निळेच आहे," मी म्हणालो. "रंगाचा डबा अजून माळ्यावर आहे. पुरावा म्हणून दाखल करू का?"

"डब्यावर काय, काहीही छापतात."

त्या आत आल्या, चहा नाकारून पाणी प्यायल्या, आणि तबकडी लावायला सांगितली. थोडा वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "पित्ताशय पोपटी नसतं. तक्ता काढणाऱ्याच्या डबीत तो रंग शिल्लक असेल म्हणून पोपटी. खरं पित्ताशय पारव्याच्या मानेचं असतं. आणि तुमचा टीव्ही पिवळा आहे, म्हणून तेही धड दिसत नाही. रिमोट द्या."

रिमोट घेऊन त्यांनी बराच वेळ पडद्याशी वाद घातला. शेवटी मागे सरकून, डोळे बारीक करून त्या म्हणाल्या, "हां. आता पोट पोटासारखं दिसतं. हात लावू नका."

मी तक्रार मागे घेतली नाही, कारण तोंडी खुलाशावर तक्रार मागे घेण्याची पद्धत नाही. पण तज्ज्ञाचे मत म्हणून दूरचित्रवाणीला हातही लावू दिला नाही. त्या संध्याकाळपासून बातम्या सांगणारी मुलगी निळी दिसू लागली.

"अहो, हिला बरं नाही का?" सौभाग्यवतींनी विचारले.

"तज्ज्ञाने जुळवलेला पडदा आहे."

"तज्ज्ञाने हिला बुडवून काढलेली दिसते."

हा संवाद आमच्या घरी पुढे दीर्घकाळ चालला. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

माझ्या पत्रांचा ओघ वाढल्यावर विश्वस्तांनी एक धूर्त निर्णय घेतला. बाहेरून दगड मारणाऱ्याला आत बसवले की तो निदान आपल्याच काचेवर मारणार नाही, अशा विचाराने त्यांनी मला रुग्णालयाच्या देखरेख समितीवर रुग्णांचा प्रतिनिधी नेमले. मी ते पद अटींसह स्वीकारले. अटी कोणी वाचल्या नाहीत. मात्र बाई मला तेव्हापासून उघडपणे 'हरकतवाले' म्हणू लागल्या. नव्या परिचारिकांचा समज झाला की ते माझे आडनाव आहे.

समितीवर असताना मी पाहिलेला पहिला मोठा प्रसंग म्हणजे अवयवांचा. एका विश्वस्तांनी, त्यांना सारे नुसते शेठ म्हणत, शिकवण्याच्या खोलीसाठी प्लास्टिकच्या अवयवांचा संच भेट दिला. पेटी उघडली तर आत दिवाळी. भडक हिरवे पित्ताशय, केशरी यकृत, बर्फाच्या गोळ्यावरच्या सरबतासारख्या निळ्या शिरा. सुमतीबाईंनी आभाराचे चार शब्द बोलून पेटी बंद केली, आणि रविवारी तीच पेटी आपल्या वरोरच्या घराच्या ओट्यावर उघडली. सोबत त्यांचे सहायक डॉक्टर निमेश आणि सिस्टर वनिता होत्या. निमेश उंबरगावकडचा, गुजराती घरातला, हसऱ्या तोंडाचा. वनिता तलासरीची, कमी बोलणारी. दिवसभर तिघांनी गेरू, काव, तवकीर आणि साइनबोर्डवाल्याकडचे रंग मिसळून एकेक अवयव खऱ्या रंगात आणला. पलीकडे दोरीवर बोंबील वाळत होते. आतड्याचा रंग जुळवायला बाईंनी जाळ्यातून नुकता काढलेला एक बोंबील मागवून घेतला होता.

शेठ पाहुणे घेऊन खोली दाखवायला आले, तेव्हा मी हजर होतो.

"अवो बेन, हे काय केलं? मी तर एकदम ब्राइट दिलेला! तुमी तर जुना करून टाकला!"

"जुना नाही शेठ, खरा केला."

"पण लिव्हर किती काळा वाटते! पाहुणे काय म्हणतील?"

"तुमचं याहून काळं असायची शक्यता आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "झोपा टेबलावर, पाहुण्यांना दोन्ही शेजारी शेजारी दाखवते."

पाहुणे हसले, शेठही हसले, पण नंतर एकीकडे मला म्हणाले, "बेनला समजवा ना." मी त्यांना सांगितले की दान दिलेल्या वस्तूवरील दात्याचा हक्क संपतो, रंगासकट.

त्या रंगांमागे हट्टाहून वेगळे कारण होते. तरुण असताना बाईंबरोबर शिकणारा एक जण पहिल्या शस्त्रक्रियेत तक्त्यातली निळी शीर शोधत बसला. पोटात निळे काही नव्हतेच; जे होते ते कापून मोकळा झाला. रोगी वाचला, पण बाईंनी ते दृश्य सोडले नाही. "तक्त्याने त्याला फसवलं. त्याने पोटाला फसवलं," त्या म्हणत. म्हणूनच त्यांनी एक शपथ घेतली होती आणि ती भिंतीवर न लिहिता प्रत्येक नव्या तुकडीला तोंडाने ऐकवीत : "ज्या दिवशी मी रंग चुकेन, त्या दिवशी चाकू खाली."

आता थाळीविषयी. दर सोमवारी, आठवड्याच्या शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी, दुर्बिणीचा कॅमेरा आणि पडदा असलेली चाकांची गाडी शिकवण्याच्या खोलीत आणली जाई. स्टीलच्या थाळीत बकऱ्याच्या यकृताचा तुकडा, बोंबील, चिकूची फोड, वांग्याची साल, चमचाभर तूप आणि पांढऱ्या जाळीच्या कापडाची घडी मांडत. कॅमेरा थाळीवर धरायचा. थाळी बघायची, पडदा बघायचा, आणि खोलीतल्या प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे की दोन्ही जुळतात की नाही. एकाचीही हरकत असेल तर कॅमेऱ्याच्या पेटीवरच्या कळा फिरवून पुन्हा जुळवायचे, मगच सारे धुऊनपुसून आत न्यायचे. कर्मचारी या थाळीला नैवेद्य म्हणत. अशा नैवेद्याचा देव कोण, असे मी विचारले. "मागच्या दाराची मांजर," असे उत्तर मिळाले. त्या मांजरीइतकी उत्तम प्रकृती रुग्णालयात कोणाचीही नव्हती.

हा नियम मला इतका आवडला की मी सोमवारी मुद्दाम हजर राहू लागलो. एकाची हरकत पुरे, हे तत्त्व आमच्या न्यायालयातही नव्हते.

पण हळूहळू मला दिसू लागले की नियमातून एक व्यक्ती निसटली आहे. सारे जण थाळी बघत, मग पडदा बघत. बाई फक्त पडदा बघत. थाळीकडे त्यांची पाठ असे.

"बाई, थाळी?" मी एकदा विचारले.

"थाळी शिकणाऱ्यांसाठी. मला ती तोंडपाठ आहे."

त्या पडद्याकडे पाहत, "पिवळं आहे, निळ्याची कळ थोडी वर," असे सांगत, निमेश कळ फिरवी, बाई "ठीक" म्हणत, आणि मग बाकीचे सारे ओळीने "ठीक, मॅडम" म्हणत. मला रंगातले फारसे कळत नाही, म्हणून माझे मत मी स्वतःपुरते राखून ठेवले. महिने गेले.

ज्या सोमवारची गोष्ट सांगतो, त्या दिवशी यादीत पहिले नाव लखमीबाईचे होते. तलासरीजवळच्या पाड्यावरची मजुरी करणारी बाई, पित्ताशयात खडे, रात्रीपासून उपाशी. खोलीत नैवेद्य मांडला होता. बाई म्हणाल्या, "निळ्याची कळ वर." निमेशने फिरवली. बाई म्हणाल्या, "ठीक."

"ठीक, मॅडम," निमेश म्हणाला.

"ठीक," वनिता म्हणाली.

मी थाळीकडे पाहिले. यकृत धुतलेल्या कौलाचे होते. पडद्याकडे पाहिले. यकृत वांग्याचे होते, आणि बोंबील आमच्या घरच्या बातम्या सांगणाऱ्या मुलीचा सख्खा भाऊ शोभत होता.

"माझी हरकत आहे," मी म्हणालो.

"कशाला?"

"पडद्याला. थाळीतलं कौलाचं आहे, पडद्यावरचं वांग्याचं आहे."

बाई हसल्या. "हरकतवाले, तुमचं फाटकसुद्धा..." एवढे बोलून त्या थांबल्या, कारण खोलीत कोणी हसले नव्हते. त्यांनी मान वळवली. "निमेश?"

निमेशने मागच्या दाराकडे, मांजरीकडे पाहिले. "मॅडम, थोडं... एकदम थोडं ब्लू वाटते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"गेल्या?"

"नाय मॅडम. तिच्या आधीच्या."

"आणि आत, टेबलावर?"

"आत तुमी बघता तेव्हा वर असते. तुमी जरा वळला की मी कळ खाली करतो, मॅडम. मग परत वर."

"वनिता, तू?"

वनिताने कापडाची घडी हातात घेतली, उलगडली, पुन्हा घातली. "मॅडम, तुम्ही चाकू खाली ठेवला तर आमच्या तलासरीकडची माणसं कुठं जातील?"

तेव्हा मला कळले की ते सगळे भीतीने गप्प नव्हते. शपथ त्यांनाही पाठ होती. ज्या हातांवर इतके पाडे विसंबून होते ते हात टिकावेत म्हणून त्यांनी संगनमताने डोळे झाकले होते. मी कायद्याचा माणूस. मला संगनमत ओळखता येते. प्रेमाचे संगनमत मी तेव्हा प्रथमच पाहिले आणि त्याचा मला अतिशय राग आला, कारण त्यावर कोणतेच कलम लागू होत नव्हते.

बाई पाठ फिरवून थाळीपाशी आल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांनी थाळी पाहिली. यकृताचा तुकडा चिमट्याने उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"हे शिळं आहे का गं?"

"सकाळचं आहे, मॅडम," वनिता म्हणाली. "मीच आणलं."

माशाचा कल्ला पाहून पहाटेचा की रात्रीचा हे सांगणाऱ्या घरातली ती बाई. तिने तो तुकडा पुन्हा थाळीत ठेवला, चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मग माझ्याकडे पाहून माझ्याच भाषेत म्हणाली, "आजची यादी तहकूब."

लखमीबाईला सांगायला त्या स्वतः गेल्या. "माझ्या डोळ्यांत दोष निघालाय. आज तुझं पोट मी उघडणार नाही. वापीला चांगले सर्जन आहेत, चिठ्ठी देते."

लखमीबाईने सारे नीट ऐकून घेतले. "मंग आता जेवू का?"

"जेव."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "वापीला नाय जायाची. तुमचा डोला बरा व्हवदे. खडे काय, पलून जात नाय."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. डोळ्यातले भिंग वयाने पिवळे होत जाते, इतके हळू की माणसाला पत्ता लागत नाही. बाई पडदा आठवणीतल्या रंगाशी जुळवीत होत्या. आठवण खरी होती. तिच्यापुढे पिवळी काच आली होती, म्हणून प्रत्येक पडदा त्यांना पिवळा वाटे आणि त्या निळा वाढवीत. थाळी आणि पडदा दोन्ही पाहिले असते, तर दोन्ही सारखेच पिवळे दिसले असते आणि जुळवणी बरोबर आली असती. नियम त्यांना वाचवणारच होता. त्यांनी फक्त तो स्वतःला लावायचा होता.

बाईंनी चाकू खाली ठेवला आणि गावाने मला वाळीत टाकले. मासळीबाजारात मला उरलेले पापलेट मिळू लागले. रिक्षावाले रुग्णालयाच्या वळणावर माझ्याकडे वळून पाहत. घरी तर दोन वेळचे जेवण नि:शब्द होते. तिसऱ्या वेळी सौभाग्यवती बोलल्या.

"वर्षानुवर्षं मी सांगतेय की आपला टीव्ही निळा आहे. तेव्हा 'तज्ज्ञ, तज्ज्ञ'. आणि तिथं भर खोलीत, बिचारीच्या तोंडावर हरकत!"

"घरात नियम नव्हता. तिथे होता."

"मग घरात करा की एक नियम! बायकोच्या डोळ्यांना काही दिसतं, असा."

अखेर मी वरोरला गेलो. बाई ओट्यावर बसल्या होत्या, सारवलेल्या जमिनीवर पाय पसरून, समुद्राकडे तोंड करून. मी उभ्यानेच युक्तिवाद सुरू केला. शपथेचे शब्द 'ज्या दिवशी मी रंग चुकेन' असे आहेत. बाई रंग चुकल्याच नाहीत. साक्षीदार खरा होता, चष्मा खोटा होता. दोष भिंगाचा असून भिंग बदलता येते. सबब शपथेची अट पूर्ण झालेली नाही आणि चाकू प्रतिवादीस परत देण्यात यावा.

त्यांनी सारे ऐकले. "छान बोलता. वकील का नाही झालात?"

"वकिलांना अशिलाचे ऐकावे लागते."

"मग आता माझं ऐका. मोतीबिंदू कोणालाही होतो. थाळीकडे न बघणं, ते मला झालं. त्याची शस्त्रक्रिया अजून निघालेली नाही."

मी हरलेला तो दावा अजून माझ्या मनात प्रलंबित आहे. परंतु हरलेल्या पक्षालाही सूचना करता येते, म्हणून मी दोन केल्या. एक, थाळी सर्वांनी बघायची, शिकवणाऱ्यानेसुद्धा. दुसरी, लष्करी न्यायालयात सर्वांत कनिष्ठ सदस्य मत आधी देतो आणि ज्येष्ठ शेवटी, म्हणजे वरच्याचे ऐकून खालचा मान डोलावत नाही. तसेच येथे व्हावे.

"हे मला आधी सुचायला हवं होतं," त्या म्हणाल्या, आणि मग अगदी वेगळ्या, बारीक आवाजात, "हरकतवाले, डोळ्यात सुई घालतात हो? जागेपणी?"

हजारो पोटे उघडणाऱ्या या बाईने डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की त्यांनी शेवटी भूल देणाऱ्याला नव्हे तर वनिताला बोलावून बाईंचे तोंड बंद करायला सांगितले. उजवा डोळा झाला. डाव्याची तारीख महिन्यानंतरची होती. बाईंनी ती पुढे ढकलली, पुन्हा ढकलली, कारण त्यांना एक विलक्षण गोष्ट सापडली होती. उजवा डोळा झाकला की जुना पिवळा खोटा रंग, डावा झाकला की खरा. "असं शिकवायचं साधन कोणता शेठ भेट देणार?" असे म्हणत त्या नव्या तुकडीला अवयव दाखवीत आणि एक डोळा झाकून सांगत, "आता मला हे यकृत शिळं दिसतंय. मी ठामपणे सांगते आहे, बरं का. मला अजिबात शंका नाही. बघा, चूक किती ठाम असते."

चाकू त्यांनी परत घेतला नाही. लखमीबाईचे पित्ताशय निमेशने काढले, बाई त्याच्या मागे उभ्या. आत नेताना लखमीबाई कुरकुरली, तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "हात त्याचे, डोळा माझा. एकच आहे, पण नवा आहे." त्या सोमवारी नव्या नियमाने सर्वांत आधी बोलायची पाळी रुजू होऊन आठवडाही न झालेल्या एका परिचारिकेची होती. ती थाळीकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने पाहत राहिली आणि पुटपुटली, "तूप... जरा जास्त पिवळं वाटतं." बाईंनी थाळी पाहिली, पडदा पाहिला, पुन्हा थाळी पाहिली.

"आहे," त्या म्हणाल्या. "निमेश, कळ फिरव." आणि त्या मुलीला थाळीतली चिकूची फोड बक्षीस दिली. तिने ती खाल्ली नाही, हे योग्यच झाले. ती यकृताला लागून ठेवलेली होती.

२०१९ च्या हिवाळ्यात एका दुपारी बाई आमच्या घरी आल्या. हातात झाकलेली थाळी होती. फाटकापाशी काही न बोलता आत आल्या, या वेळी चहा मागून घेतला, आणि माझी ती जुनी तबकडी लावायला सांगितली. डावा डोळा झाकून त्यांनी माझे पित्ताशय पाहिले.

"अगं बाई! इतकं निळं? आणि तुम्हाला तर मी टीव्हीला हात लावण्याआधीच निळं दिसलं होतं. मग कॅमेऱ्याच्या पेटीतच निळं शिरलंय. म्हणजे तेव्हापासूनच..." त्यांनी तबकडी थांबवली. मग खुर्चीत ताठ होऊन म्हणाल्या, "हरकतवाले, तुमची तक्रार अंशतः मंजूर. पित्ताशय तुमचंच होतं. रंग तुमचा नव्हता."

"लागू असलेल्या खर्चासह?"

"चहा पाजलात, तेवढा खर्च माझ्या नावे लिहा."

मग थाळी उघडून त्यांनी दूरचित्रवाणीशेजारी ठेवली. थाळीत चिकूची फोड, तूप, पांढरे कापड आणि सौभाग्यवतींचा मान राखून यकृताऐवजी कौलाचा एक तुकडा होता. बातम्या लावल्या. बाईंनी रिमोट स्वतः घेतला नाही. तो सौभाग्यवतींच्या हातात दिला.

"तुम्ही सांगा. या घरात तुम्हीच कनिष्ठ धरल्या जाता ना? मग आधी तुम्ही."

सौभाग्यवतींनी कळा दाबल्या. बातम्या सांगणाऱ्या मुलीच्या गालांवर हळूहळू रक्त चढले.

"बरी झाली हो पोर," सौभाग्यवती म्हणाल्या, आणि उठून त्यांनी बाईंच्या हाती आणखी एक कप चहा दिला.

निघताना मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. डाव्या डोळ्याची तारीख अखेर पुढच्या आठवड्याची ठरली होती. ती शस्त्रक्रिया वेळेवर झाली. दोन्ही नव्या डोळ्यांनी बघायला मात्र फार दिवस मिळाले नाहीत. त्या हिवाळ्याच्या अखेरीस एका झटक्यात बाई गेल्या, आणि मागे राहिला तो भिंतीवरचा गुलाबी चेहरा, ज्याविरुद्ध माझी हरकत या निवेदनाच्या आरंभी नोंदलेली आहे.

पण त्या दुपारी त्या आमच्या गल्लीत उभ्या होत्या, रिकामी थाळी काखेत, भाजलेल्या चिंचोक्याच्या वर्णाच्या, मातकट साडीतल्या. रिक्षा आली होती. त्या बसल्या नाहीत. फाटकासमोर येऊन त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला, मग डाव्यावर, मग पुन्हा उजव्यावर. गल्लीतली मुले पाहू लागली. रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. बाई हसत होत्या, लहान मुलगी एखाद्या खेळात हसते तशा, आणि तळहात या डोळ्यावरून त्या डोळ्यावर हलवीत होत्या.

"राखाडी," त्या म्हणाल्या. "निळं. राखाडी. निळं."

मग दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या रिक्षात बसल्या आणि रिक्षा वळता वळता डोके बाहेर काढून ओरडल्या, "हरकतवाले! फाटक निळंच आहे!"

हे लेखी द्या, असे मी म्हणालो नाही.